धाकट्या चंद्राचं कडं

या वर्षीपासून आठवीच्या भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीला कडं आहे. पान सत्तेचाळीस. चित्र तसं बरं काढलंय, फक्त कडं फार जाड दाखवलंय. खरं कडं एवढं ठसठशीत नाही. दिवेलागणीला आमच्या शाळेच्या मैदानावर उभं राहून दक्षिणेला बघितलं, की डोक्यापासून थोडं खाली पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलेली पांढुरकी रेघ दिसते. फळ्यावरची खडूची रेघ ओल्या बोटाने पुसल्यावर जेवढी उरते, तेवढीच.

धडा शिकवायला घेतला आणि पहिल्या बाकावरच्या तृषाने हात वर केला.

"बाई, शुक्राला चंद्र नाही आणि कडंही नाही. शनीला दोन्ही आहेत. हे ठरवतं कोण?"

"ठरवत कुणी नाही गं," मी म्हटलं. "प्रत्येक ग्रहाला आपापलं अंगण असतं. जिथवर त्या ग्रहाची ओढ सूर्याच्या ओढीला पुरून उरते, तेवढं त्याचं अंगण. बुध सूर्याच्या अगदी उंबऱ्यात, त्याचं अंगण टीचभर. तिथे चंद्र टिकायचा कसा? शुक्राचं अंगण त्याहून मोठं, पण हा बाबा स्वतःभोवती इतका सावकाश फिरतो, की त्याला चंद्र असलाच तर तो हळूहळू आत ओढला जाऊन त्याच्यावरच आदळणार. पृथ्वीला चंद्र मिळाला तो बहुतेक एका भल्यामोठ्या टकरीतून. मंगळाचे दोन आहेत, पण नुसते खडे, आणि त्यातला आतला थोडा थोडा खाली येतोय. गुरू-शनी सूर्यापासून लांब, अंगणं अफाट, आणि जन्मताना भोवती वायू-धुळीचा एवढा पसारा, की त्यातून डझनांनी चंद्र घडले."

"आणि कडं?"

"ग्रहाभोवती एक न दिसणारी रेघ असते. चंद्र रेघेच्या बाहेर आहे तोवर ठीक. आत आला, की ग्रह त्याच्या जवळच्या अंगाला जास्त ओढतो, लांबच्या अंगाला कमी. ही ओढाताण फार झाली की चंद्र सुटतो आणि त्याचे तुकडे ग्रहाभोवती पसरतात. तेच कडं. चंद्र एकसंध कातळ असेल, तर तो रेघेच्या बराच आत येऊनही तग धरतो. नुसता खड्यावाळूचा ढीग असेल, तर नाही."

पोरांनी लिहून घेतलं. धड्याच्या शेवटी चौकट आहे, त्यात सहा नावं. तिसरं नाव कस्तुरी तुषार मांडवकर. ती माझी मुलगी हे वर्गाला ठाऊक आहे, त्यामुळे चौकट आली की पोरं माझ्याकडे बघायचं टाळतात. चौकटीत लिहिलंय, 'धोक्याची कल्पना येताच त्याच दिवशी सूचना देण्यात आली, परंतु वेळ अपुरा पडला.'

साफ खोटं आहे हे. आणि ते खोटं माझ्या तोंडून आलेलं आहे.

माझं सासर लांज्याजवळ. सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, जांभ्या चिऱ्याची खाण. लग्न होऊन आले तेव्हा अण्णा मला खाण दाखवायला घेऊन गेले होते. दगड सोडवायच्या आधी ते त्यावर हातोडीने तीन ठोके मारायचे. एक डोक्यावर, एक पोटावर, एक कोपऱ्यावर. आवाज आत गेला आणि तिकडेच गडप झाला, तर दगड चांगला. मधूनच धप्पकन परत आला, तर आत पोकळी आहे किंवा माती आहे, सोडून द्यायचा. आमच्या भागात घर बांधणारे येऊन विचारायचे, "तीन ठोक्यांचा आहे ना?" आणि अण्णा म्हणायचे, "मांडवकराचा हाय." एवढं पुरायचं.

तुषार हे बघत मोठा झाला आणि पुढे भूकंपशास्त्र शिकला. त्याने जे यंत्र केलं, ते म्हणजे अण्णांची हातोडी आणि अण्णांचा कानच. लघुग्रहावर तीन छोटे टोले टाकायचे, प्रत्येक टोल्याचा हादरा आत कसा जातो ते ऐकायचं, आणि हा धोंडा अखंड आहे की ढिगारा ते सांगायचं. यंत्राला ऐकायला शिकवलं कुठे? आमच्याच खाणीत. चार वर्षं, वीस हजार चिरे, प्रत्येकाला तीन ठोके. चांगला कुठला, वाईट कुठला, हे प्रत्येक वेळी अण्णांनी सांगायचं आणि यंत्राने लक्षात ठेवायचं. मी भाकऱ्या घेऊन जायचे तेव्हा दोघं बापलेक शाळकरी मित्रांसारखे भांडत असायचे. ते दिवस फार चांगले होते.

मग तो प्रकल्प आला. तीनशे मीटरचा एक लघुग्रह, त्यात पाणी आणि धातू भरपूर. तो ओढून पृथ्वीभोवती आणून ठेवायचा आणि तिथे खोदायचं. लांब ठेवला तर माल आणणं जड जाणार, म्हणून वर्षभरात हळूहळू खाली, पृथ्वीच्या मध्यापासून चौदा हजार किलोमीटरवर आणायचा. म्हणजे त्या रेघेच्या पुष्कळ आत. रेघ आहे बावीस हजारांवर. धोंडा अखंड असेल तरच हे जमणार होतं, आणि ते सांगायचं काम आलं तुषारकडे.

तीन टोले टाकले. आवाज आत गेला आणि गडप झाला. यंत्राने सांगितलं, अखंड. प्रकल्पाच्या समितीतल्या एका जपानी बाईंनी विचारलं, की तिन्ही टोले एकाच अंगाला आहेत, पाठीला एक नको का? पण धोंडा इतका सावकाश फिरत होता, की पाठ समोर यायला यान सात महिने थांबवावं लागलं असतं. तुषार म्हणाला, "तीन पुरे." त्याने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मी हसले. "तुझ्या बापाने कधी चौथा मारलाय का?" असं मीच म्हटलं. माझेच शब्द आहेत.

लोकांनी त्या धोंड्याचं नाव ठेवलं धाकटा. धाकटा चंद्र. आणि त्याच्यावर खोदकाम करायला जे सहा जण गेले, त्यात आमची कस्तुरी. सव्वीस वर्षांची, खोदकामाची इंजिनिअर. निवड झाली तेव्हा काही लोक बोललेच, की बापाचा धोंडा म्हणून लेकीला जागा. ती हे हसण्यावारी न्यायची, पण तिला ते लागलं होतं. मला कळायचं ना ते. आईला नाही कळणार तर कुणाला?

दर बुधवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. पडद्यावर तिचं तोंड जरा सुजल्यासारखं दिसायचं, वर तसं होतंच म्हणे. त्या बुधवारी ती एकदम म्हणाली, "आई, बाबा आहे का जवळ?"

"नाही गं, बाजारात गेलाय. का?"

"मग ऐक. आम्ही पाठीकडे पहिली भोकं पाडायला घेतली. पुढच्या बाजूला ड्रिल किती कुरकुरतं, तुला सांगितलं होतं ना? इकडे सरळ आत जातं. रव्याच्या डब्यात चमचा घालावा तसं. आणि हातोडा मारला तर यंत्रात नुसतं धप्प वाजतं."

"म्हणजे?"

"म्हणजे कदाचित काही नाही. वरवरची माती असेल. पण बाबाला सांगू नकोस. रविवारी त्याचा रत्नागिरीत सत्कार आहे ना? उगाच त्याच्या डोक्याला घोर. मी तीन वेळा मोजते आणि मग रीतसर कळवते. एकदा मोजून बोंब ठोकली आणि चुकलं, तर म्हणतील, बघा, मांडवकरांची पोरगी. बाबाचंही हसं आणि माझंही."

"बरं," मी म्हटलं.

रात्री तुषार विचारत होता, काय म्हणाली कस्तू? मी म्हटलं, मजेत आहे. पण मी काही अडाणी नाही. तीस वर्षं भूगोल शिकवतेय. धाकटा त्या दिवशी तेवीस हजार सहाशेवर होता आणि रोज दीडशे किलोमीटर खाली येत होता. दहा-अकरा दिवसांत रेघेवर. हा हिशेब मी भांडी घासताना तोंडी केला.

दुसऱ्या दिवशी शाळेला जायच्या आधी मी अण्णांकडे गेले. ते खाणीजवळच्या घरी एकटे राहायचे. पंच्याऐंशी वर्षांचे, पण कान तल्लख. पडवीत चहा पीत बसले होते. मी कस्तुरीचं नाव न घेता विचारलं, "अण्णा, तुम्ही दगडाला खालून ठोका का मारत नाही?"

"खालून कसा मारणार गो? सोडवलेला नसतो ना. खाली डोंगराला चिकटलेला असतो."

"आणि आवाज आत गडप होतो म्हणून चांगला. तो जातो कुठे पण?"

"डोंगरात जातो. खाली अख्खा डोंगर हाय, तो पिऊन टाकतो." त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "का विचारतेस?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांचा चेहरा उतरला. "अगो सूनबाय, त्या धोंड्याच्या मागे डोंगर नाय."

खरंच होतं की! धोंड्याच्या पाठीमागे नुसतं रिकामं अवकाश. तिथे आवाज जाणार कुठे? अखंड असता तर पाठीवर आपटून खणखणीत परत आला असता. तो परत आला नाही, म्हणजे त्याला आतच कुणीतरी गिळलं. सुट्या खडीने आणि वाळूने. ज्या खुणेवरून आम्ही चिरा चांगला म्हणायचो, तीच खूण तिथे उलट होती. यंत्र वीस हजार चिऱ्यांवर शिकलं आणि त्या सगळ्या चिऱ्यांखाली डोंगर होता. ही चूक जगात दुसऱ्या कुणाकडून झाली नसती. फक्त आमच्या खाणीत वाढलेल्या माणसाकडूनच व्हायची होती.

"तुषारला सांग," अण्णा म्हणाले. "आजच सांग."

"सांगते," मी म्हटलं. आणि शाळेत गेले.

सांगितलं नाही. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवार गेला. का नाही सांगितलं, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही, पण मी स्वतःला रोज विचारते. पोरीला शब्द दिला होता, हे एक कारण. पण खरं कारण रविवार. तुषार आयुष्यभर राबला होता आणि पहिल्यांदा कुणीतरी त्याचं कौतुक करणार होतं. नवीन झब्बा शिवला होता. त्याला चार दिवस सुखाने घालवू द्यावेत, मग सांगू, दिवस आहेत अजून, असं मी मनाशी ठरवलं. दिवस आहेत अजून! किती सहज म्हटलं मी हे.

रविवारी रत्नागिरीच्या नाट्यगृहात स्टेजवर मुद्दाम एक चिरा आणून ठेवला होता. सत्कार झाल्यावर तुषारने हातोडी घेतली आणि तीन ठोके मारून दाखवले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी पहिल्या रांगेत होते. मीही वाजवल्या. अण्णा आले नव्हते, पाय दुखतो म्हणाले.

सोमवारी सकाळी मी तुषारला सगळं सांगितलं. आधी तो हसला, मग त्याचं डोकं फिरलं. "तू मला शिकवणार आता? शाळेतला भूगोल? आणि कस्तूने मला न सांगता तुला सांगावं? आणि तू माझ्या पाठीमागे अण्णांना विचारून आलीस?"

"ओरडून काय होणार आहे? ते जुनं रेकॉर्डिंग काढ आणि ऐक."

मंगळवारी दुपारी मी शाळेतून आले तर तुषार खोलीत कानाला हेडफोन लावून बसला होता. जेवलेला नव्हता. मला बघून त्याने हेडफोन काढला.

"बरोबर आहे अण्णांचं," तो म्हणाला. "पाठीवरून काहीच परत येत नाही. एक टक्कासुद्धा नाही. निम्म्याहून जास्त धोंडा म्हणजे नुसती खडी आहे. मला दिसलं कसं नाही गं हे? दहा वर्षं!"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो लहान मुलासारखा रडला, आणि मला त्याची इतकी दया आली, की क्षणभर कस्तुरी मनातून निघून गेली. हे मी कबूल करते.

"फोन कर," मी म्हटलं.

"करतो. पण नीट आकडे काढून. नुसतं 'वाटतंय' म्हणून चालणार नाही. थांबा म्हटलं की सगळं थांबणार आहे, आणि मग प्रत्येक जण विचारणार कशावरून. मला चार दिवस दे. शनिवारपर्यंत तो बावीस हजार शंभरवर असेल, रेघेच्या बाहेरच. आणि रेघ ओलांडली की लगेच त्याच मिनिटाला फुटतो असंही नाही. चार दिवस, मधुरा."

माझ्या तोंडात आलं होतं, की अरे, पोरगी आहे आपली तिथे. आकडे गेले खड्ड्यात. पण त्याचा चेहरा बघून मी म्हटलं, "बरं."

दुसऱ्या दिवशी बुधवार. कस्तुरीचा फोन आला तेव्हा तुषार माझ्या शेजारीच बसला होता, पण कॅमेऱ्यात येणार नाही असा. त्याने मला मानेने खूण केली. नको.

"आई, दोनदा मोजून झालं. दोन्ही वेळा धप्प. शुक्रवारी तिसऱ्यांदा मोजते आणि शनिवारी कळवून टाकते. बाबाला सांगितलंस?"

"नाही गं. तू नको म्हणालीस ना."

"बरं केलंस. मीच सांगेन त्याला. आधी चिडेल, मग बघ, स्वतःच मजेत सगळ्यांना सांगत सुटेल." ती हसली. "काय झालं? तू अशी का दिसतेस?"

"डोकं दुखतंय. उन्हातून आले."

"लिंबू-पाणी घे," ती म्हणाली. ती बहात्तर तासांनी मरणार होती आणि मला लिंबू-पाणी घ्यायला सांगत होती. मी तेवढ्यात एक वाक्य बोलले असते, निघ तिथून, आत्ताच्या आत्ता निघ, एवढंच, तर आज ती बत्तीस वर्षांची असती. तीन ठोक्यांशिवाय बोलायचं नाही, हे आम्ही आमच्या पोरीच्याही अंगी बाणवलं होतं आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून तिला तिसरा ठोका मारू देत होतो.

शनिवारी सकाळी आठ वाजता तुषारने अहवाल पाठवला. प्रकल्पाच्या लोकांनी जराही वेळ दवडला नाही, हे सांगायला हवं. सव्वाआठला त्याला फोन आला, साडेआठला वर हुकूम गेला, सगळं टाकून परत या. परतीचं यान तयार करायला अकरा तास लागतात. टाक्या भरायच्या, गार करायच्या, तपासायच्या. म्हणजे साडेसात. संध्याकाळी साडेसातला ते निघणार होते.

पण खोदून खोदून धाकट्याची पाठ आधीच ढिली झाली होती. बाराच्या सुमाराला पहिली भेग दिसली. तुषारचे सगळे आकडे न खोदलेल्या धोंड्याचे होते.

अडीचला कस्तुरीचा फोन आला. सहाही जणांना घरी बोलायला दोन-दोन मिनिटं दिली होती. त्यावरूनच मला समजलं. या वेळी तुषार माझ्या शेजारी उघडच बसला होता.

"आई, इकडे खूप हलतंय," ती म्हणाली. आवाज शांत होता, माझ्यापेक्षा शांत. "यान ज्या बाजूला बांधलंय ना, तीच बाजू सुटतेय. बघू. अजून पाच तास आहेत म्हणतात."

"होईल गं नीट."

"हो. बाबा, तूच कळवलंस ना?"

तुषारने मान डोलावली.

"तुला कळलं कधी?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला चांगली ओळखते, तो खरं सांगणार होता. त्याचे ओठ हललेसुद्धा. आणि मी मध्ये पडले.

"आज सकाळी," मी म्हटलं. "मीच सांगितलं, न राहवून. त्याने ऐकलं आणि ताबडतोब कळवलं. एक मिनिट थांबला नाही."

कस्तुरीने मोठा श्वास सोडला. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "बुधवारी बाबाचा चष्मा टेबलावर दिसत होता, तेव्हापासून मला उगाच वाटत होतं, की तो तिथेच बसलाय आणि तुम्ही दोघं काहीतरी लपवताय. काय काय येतं ना मनात! बाबा, सॉरी हं. बरं, ठेवते. बोलावतायत."

चार वाजून दहा मिनिटांनी धाकटा सुटला.

पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे. तुकड्यांवर तुकडे आपटत गेले, सहा-सात महिन्यांत त्यांचं कडं झालं. मधल्या उंचीवरचे उपग्रह एकामागून एक बंद पडले. दोन वर्षं आमच्या किनाऱ्यावरच्या होड्या वाऱ्याचा अंदाज न मिळताच जात होत्या आणि काही परत आल्या नाहीत. त्यांच्याही घरी आया आहेत. अण्णा त्याच पावसाळ्यात गेले. जायच्या आधी त्यांनी मला एकदाच विचारलं, "तू त्याला कधी सांगितलंस?" मी खरं सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून झोपले आणि परत माझ्याशी बोलले नाहीत.

चौकशी समिती पुण्याला बसली. आम्हाला दुसऱ्या वर्षी बोलावलं. मोठी खोली, लांब टेबल, पलीकडे पाच जण. अध्यक्ष म्हणजे साठीच्या एक बाई होत्या, फार सौम्य. त्यांनी आधीच सांगितलं, की वरच्या सगळ्या फोनची नोंद खाली राहिलेली आहे, पण ते खाजगी बोलणं ऐकायची आमची इच्छा नव्हती. फक्त शेवटचा दिवस ऐकणं भाग होतं. आणि मग त्यांनी ते लावलं.

कस्तुरीचा आवाज त्या खोलीत आला. तुला कळलं कधी? आणि मग माझा. आज सकाळी. एक मिनिट थांबला नाही.

तुषारने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"मांडवकर साहेब," त्या म्हणाल्या, "यंत्राच्या चुकीबद्दल आम्ही जे लिहायचं ते लिहू. पण चूक ध्यानात आल्यावर तुम्ही वेळ घालवलात का, हा आमच्यापुढचा मुख्य प्रश्न होता. याचं उत्तर या नोंदीत आहे. त्या वेळी कुणी खोटं बोलेल असं आम्हाला वाटत नाही." मग माझ्याकडे वळल्या. "बाई, तुम्हाला त्रास दिल्याबद्दल माफ करा. ही नोंद बरोबर आहे, एवढी सही द्या. तुमच्या मुलीला निदान शेवटी ते समाधान मिळालं."

कागद माझ्यासमोर आला. मी घरून ठरवून आले होते, की खरं सांगायचं. गुरुवार, रविवार, सोमवार, मंगळवार, सगळं. पण त्यांनी 'समाधान' म्हटलं आणि मला पडद्यावरचा कस्तुरीचा तो मोकळा झालेला चेहरा दिसला. त्या चेहऱ्याला मेल्यानंतर फसवलेला म्हणायचं? मी असं स्वतःला सांगितलं खरं. पण तेवढंच नव्हतं. मला भीती वाटत होती. लोक काय म्हणतील याची, शाळेची, आरशाची. मी सही केली.

बाहेर व्हरांड्यात बाक होता. आम्ही दोघं त्यावर बसलो. समितीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आतले लोक कागद आवरताना दिसत होते.

"मी त्या दिवशी खरं सांगणार होतो तिला," तुषार म्हणाला. "तू मध्ये बोललीस."

"माहीत आहे."

"तिला कळायला हवं होतं. निदान चिडून तरी गेली असती माझ्यावर."

"मग जा की आता आत," मी म्हटलं. "दार उघडं आहे. मी काही तुझा हात धरलेला नाही."

तो उठला नाही. मीही उठले नाही. आत खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले, त्या बाई चष्मा पुसत पलीकडच्या दाराने निघून गेल्या. मग शिपाई आला. आमच्याकडे बघून त्याने आदराने मान लववली आणि दार लावून घेतलं.